बिनपानांचे अ‍ॅस्पन

"आय वॉज आस्किंग हिम, डिअर," काउंटरवरची बाई म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही तिनं. दुधाच्या पिशव्या, कोथिंबीर, दह्याचा डबा असं एकेक पुढं सरकवत होती आणि सरकवता सरकवताच बोलून गेली. टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या त्या ग्रोसरी स्टोअरमध्ये सगळ्यांनाच विचारतात तो प्रश्न तिनं विचारला होता, हवं होतं ते सगळं मिळालं का. विचारताना तिची नजर रविकांतकडे होती, कारण पिशव्या भरायला तो पुढं उभा होता. मागून शुभदानं सांगून टाकलं, "येस, ही डिड." नेहमीसारखंच. नवऱ्याच्या वतीनं दोन शब्द बोलले तर त्यात एवढं काय? पण बाईचं ते वाक्य ऐकलं आणि शुभदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रविकांतचं तोंड उघडलेलं होतं ते क्षणभर तसंच राहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "येस, थँक यू." म्हणजे उत्तर तेच! शुभदानं दिलेलंच, अक्षरही इकडचं तिकडे नाही. मग त्या बयेला मध्ये नाक खुपसायचं काय अडलं होतं? पार्किंगपर्यंत शुभदा कार्ट जोरजोरात ढकलत गेली. गाडी तीच चालवायची. सीटबेल्ट लावताना तिनं रविकांतकडे पाहिलं तर तो मांडीवर अंड्यांचा खोका सांभाळून बसला होता आणि काचेतून समोर बघत होता. झालेल्या गोष्टीचं त्याला काही वाटलं होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही हे तिच्या त्याच क्षणी लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर किल्ली फिरवायची ती विसरूनच गेली.

शुभदा असं काही विसरत नसे. वॉनमधल्या एका मोठ्या गोदामात ती डिस्पॅच सांभाळायची. कुठला ट्रक कधी सुटणार, मॉन्ट्रियलचा माल आधी की विंडसरचा, बर्फ पडलं तर कोण थांबणार, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं आणि डोक्यातून तोंडात यायला वेळ लागायचा नाही. दाढीवाले धिप्पाड ड्रायव्हर तिला 'बॉस' म्हणायचे आणि चेष्टेनं म्हणायचे नाहीत. तिचं क्वचितच चुकायचं आणि चुकलंच तर कुणाच्या लक्षात यायच्या आत तिनं ते निस्तरलेलं असायचं. नागपूरला माहेरी लहानपणी तिला सगळे 'कलेक्टरीणबाई' म्हणत. रविकांत पुण्याचा. पुण्यात जन्मून न बोलणारा माणूस बघायला मिळाला म्हणून तिची आई लग्न ठरलं तेव्हा हसली होती. पहिल्या भेटीत त्याची आत्या म्हणाली, "अरे, मुलीला काही विचार की." तो चहाच्या कपाशी खेळत बसला, तेव्हा शुभदाच म्हणाली होती, "त्यांना काय विचारायचं असेल ते मीच सांगते," आणि आपलं शिक्षण, नोकरी, स्वयंपाक येतो पण आवडत नाही, परदेशी जायची तयारी आहे, सगळं घडाघडा सांगून टाकलं होतं. सगळे हसले. तोही हसला. किती छान हसला होता! त्या हसण्यावर तर ती भाळली. पण त्याला खरोखर काय विचारायचं होतं? आज गाडी सिग्नलला थांबली असताना हा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदा आला, आणि मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

मग ते सुरूच झालं. दातात अडकलेल्या बडीशेपेच्या काडीसारखं काउंटरवरच्या बाईचं ते वाक्य मनात राहिलं, जीभ सारखी तिकडेच. कॅनडात उतरले त्या दिवशी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं रविकांतला विचारलं होतं, तुम्ही काय काम करणार, आणि तो शब्द जुळवत असताना शुभदानं सांगितलं होतं. मुलीच्या, केयाच्या, शाळेत पेरेंट्स मीटिंगला शुभदा बोलायची. फॅमिली डॉक्टर विचारायचा, पोट कधीपासून दुखतंय? शुभदा सांगायची, मंगळवारपासून. आणि सोमवारीच दुखायला लागलं असेल तर? त्याचं पोट, त्याचं दुखणं, आणि सोमवार गेला कुठे? ती कामावर स्क्रीनसमोर बसलेली असताना असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं, आणि एकदा तर तिनं चक्क कॅनडातल्या लंडन गावचा ट्रक हॅमिल्टनला लावला. हा माणूस आपल्याजवळ आहे, की नुसता आपल्याबरोबर आहे? तो कधीचाच मनानं उठून दुसरीकडे गेला असेल आणि आपण त्याच्या रिकाम्या जागेच्या वतीनं उत्तरं देत बसलो असू तर? हे कुणाला विचारणार? तिनं मॉन्ट्रियलला केयाला फोन लावला. तिकडं शिकायला गेल्यापासून केयाच्या बोलण्यात फ्रेंचही घुसलं होतं.

"आई, यू डू दॅट. एव्हरीबडी नोज. इट्स, लाइक, युअर थिंग."

"आणि बाबाला चालतं ते?"

"बेन, आस्क हिम?" केया म्हणाली. 'बेन' म्हणजे फ्रेंचमधलं 'अगं, मग'. पोरीच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं, की आईला एवढी साधी गोष्ट सुचू नये!

तर शुभदानं विचारलं. रविकांत ओट्याशी उभा राहून लसूण सोलत होता. हे काम त्याचं. एकेक पाकळी नखानं अलगद सोलायचा; शुभदा असती तर सुरीच्या पात्यानं ठेचून मोकळी झाली असती. "रवी," ती म्हणाली, "तुला काय हवंय?"

"चहा चालेल."

"चहा नाही रे! एकूणच. तुला काय हवंय एकूणच?"

त्यानं हातातली पाकळी खाली ठेवली. बोटांना लागलेली सालं झटकली. शुभदानं ओठ दाबून धरले, अक्षरशः दाताखाली धरले, आणि मग तो म्हणाला की त्याला अ‍ॅस्पनचे फोटो काढायचेत. डोंगरात जाऊन. पानं पिवळी झालेली असताना. फोटोंचा नाद त्याला जुनाच होता. बेसमेंटमध्ये बसून सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन कुठल्यातरी तळ्याकाठी ट्रायपॉड रोवून वारा पडायची वाट बघत उभं राहायचं. शुभदा तेव्हा गाडीत बसून ऑफिसच्या ईमेलना उत्तरं द्यायची. "अ‍ॅस्पन म्हणजे ते पांढऱ्या खोडाचे? बर्च ना?" तिनं विचारलं. तो म्हणाला, नाही, बर्च वेगळे. आणि मग, नवल म्हणजे, तो बोलायला लागला. अ‍ॅस्पनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे आपल्याला वारा जाणवतसुद्धा नाही तेव्हाही पानं हलत असतात. सगळ्या झाडावर एकदम. फोटोत ती पकडायची म्हणजे फार वाट बघावी लागते. आणि अख्ख्या टेकडीभर जी झाडं दिसतात ती बरेचदा वेगवेगळी झाडं नसतातच, खाली मूळ एकच असतं, वर खोडं शेकडो. म्हणून सगळी एकाच दिवशी पिवळी होतात. शेजारची दुसऱ्या मुळाची असली तर ती अजून हिरवीच, आणि मध्ये सरळ रेघ दिसते, असं म्हणत त्यानं लसणाच्या वासाचं बोट हवेत फिरवून रेघ दाखवली. त्याचे डोळे चमकत होते. शुभदाला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं फोन उघडला आणि कॅल्गरीच्या तिकिटांचा सेल बघायला घेतला. आता नीट आठवलं तर तो तेव्हा वाक्याच्या मध्यात होता.

"ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड," तिनं जाहीर केलं. "शुक्रवारी निघायचं, मंगळवारी परत. कॅनानास्किस. रॉकीजमध्ये, कॅल्गरीहून तासाभरात पोचतो. झालं!"

"थँक्सगिव्हिंगला?" रविकांत म्हणाला.

"मग? पानं तेव्हाच तर असतात!" टोरोंटोच्या आसपास वीस वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, पानं बघायला जायचं ते थँक्सगिव्हिंगला. मस्कोकाला, अल्गॉनक्विनला, सगळं मराठी मंडळ चिवडा आणि थर्मास घेऊन त्याच वीकेंडला लाल मेपलखाली उभं असतं. यात विचारायचं काय आणि बघायचं काय? रविकांत तिच्या हातातल्या फोनकडे जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बरं." आणि उरलेला लसूण सोलायला लागला.

त्यानंतरचे दिवस शुभदाचे मोठे झोकात गेले. ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. आपल्याला एक दोष सापडला, आपण तो दुरुस्त केला, संपलं. जाकिटं काढली, अस्वलांसाठीचा स्प्रे मागवला, मोक्याच्या जागांचा नकाशा केला, सकाळचा उजेड कुठे आणि संध्याकाळचा कुठे याचंसुद्धा तिनं वेळापत्रक बसवलं. मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या विजयालक्ष्मीला तिनं परस्पर फोन करून सांगून टाकलं की मुखपृष्ठाचं बघू नकोस, रविकांतचे अ‍ॅस्पन येतायत, सोन्यासारखे पिवळे. रविकांतला हे तिनं विमानात सांगितलं. तो म्हणाला, "हं." पूर्वी तिला त्याचं 'हं' हे 'हो' वाटायचं. आता खिडकीबाहेर खाली प्रेअरीचा तपकिरी चौकोन चौकोन पसरलेला असताना तिच्या मनात आलं, हे 'हं' बऱ्याच प्रकारचं असणार. पण तिनं तो विचार बाजूला सारला. ती खुशीत होती.

कॅल्गरीहून भाड्याची गाडी घेतली. शहरात अजून काही झाडांवर पिवळं होतं, ते बघून शुभदानं स्टिअरिंगवर टिचकी मारली, "बघ!" मग हमरस्ता पश्चिमेला लागला आणि समोर डोंगर उभे राहिले. माथ्यावर ताजं बर्फ, खाली काळेहिरवे स्प्रूस. रविकांत काहीच बोलत नव्हता, आणि त्या गप्पपणात, का कोण जाणे, शुभदाला सासरे गेले तो दिवस आठवला. पुण्याची कुठलीही बातमी पहिली शुभदाच्या फोनवर यायची, हा घरचा रिवाजच पडून गेला होता; बारसं असो नाहीतर ऑपरेशन. तशी तीही आली. शनिवारची दुपार होती, दिराचा, उन्मेषचा, फोन. "वहिनी, बाबा गेले." ती क्षणभर खुर्चीत बसली आणि उठली. रविकांत खाली बेसमेंटमध्ये होता. त्याला सांगायच्या आधी तिनं तिकीट काढलं, त्याच्या मॅनेजरला ईमेल केली, बॅग अर्धी भरली, विमानतळाची टॅक्सी सांगितली. मग तो वर आला तेव्हा तिनं त्याला एका दमात सांगितलं, बाबा गेले आणि तुझी फ्लाइट आठची आहे. तो खांबासारखा उभा राहिला. म्हणाला, "बरं." अंत्यदर्शनाला तो वेळेवर पोचला तो केवळ तिच्यामुळं, हे सगळ्या नातेवाइकांनी मान्य केलं होतं, आणि इतकी वर्षं ही आठवण तिनं एखाद्या पदकासारखी जपली होती. आज ती बाहेर काढून बघताना मात्र काहीतरी खुपायला लागलं. त्याला रडायला तिनं जागा कुठे ठेवली होती? टॅक्सीत? ती तर शेजारीच बसून वेब चेक-इन करत होती.

हमरस्ता सोडून गाडी दक्षिणेला कॅनानास्किसच्या दरीत शिरली. उतारांवर जागोजाग करडे पट्टे दिसायला लागले, बारीक काटक्यांचे, धुरकट. "वणवा लागला असणार इथं," शुभदा म्हणाली. "गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अल्बर्टात केवढे वणवे लागले, बघ ना, सगळं जळून गेलंय."

"हं," रविकांत म्हणाला.

वळण गेलं, दुसरं वळण आलं, पट्टे वाढतच चालले. जळलेली झाडं काळी असतात; ही खोडं पांढरी होती. शुभदानं गाडीचा वेग कमी केला. तिनं नकाशावर 'पहिला स्पॉट' म्हणून खूण केली होती त्या पार्किंगमध्ये गाडी लावली. दुसरी एकही गाडी नव्हती. असल्या लाँग वीकेंडला, एकही नाही! दार उघडून ती उतरली आणि झाडांपाशी गेली. पांढरी, सरळ, उंच खोडं शेकड्यांनी उभी होती, त्यावर डोळ्यांसारख्या काळ्या खुणा, आणि वर नुसत्या करड्या डहाळ्या. एक पान नव्हतं. पानं सगळी खाली होती, भिजून काळी पडलेली, बुटाला चिकटणारी. म्हणजे दोन-तीन आठवड्यांपूर्वीच सगळं होऊन गेलं होतं. डोंगर आहे, उंचावर आहे, थंडी लवकर येते, हे एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. ट्रकच्या वाटेवरचं हवामान तोंडपाठ असलेल्या शुभदाला कळलं नव्हतं, कारण तिला माहीत होतं! पानं थँक्सगिव्हिंगला असतात हे तिला पक्कं माहीत होतं.

आधी तिला लाज वाटली, भयंकर लाज, आणि लाजेपाठोपाठ हात आपोआप खिशात फोनकडे गेले. "थांब," ती बोलायला लागली, "मी बघते. खालच्या अंगाला असतील अजून. नाहीतर दक्षिणेला जाऊ, वॉटरटनला. नाहीतर तिकीट बदलू, उद्या व्हँकुव्हरला जाऊ, तिकडं गरम असतं, विजयालक्ष्मीला मी सांगते काय ते," आणि फोनला रेंज नव्हती. तिनं तो वर धरला, फिरवला, दगडावर चढून पाहिलं.

"शुभदा," रविकांत म्हणाला. तो गाडीच्या डिकीतून ट्रायपॉड काढत होता. अगदी निवांत. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पानं गेलेली असणार. तू तारीख सांगितलीस तेव्हाच."

शुभदा दगडावरून उतरली. ती आता चिडली होती, आणि ती चिडली की तिच्या तोंडी सरळ नागपूर यायचं. "मग काहून बोलला नाहीस रे तू? एवढा खर्च, एवढी धावपळ, मी मूर्खासारखी नकाशे करत बसली आणि तू नुसता बघत राहिला? एका शब्दानं सांगता नाही आलं? मला चुकताना बघायचं होतं तुला?"

तो विचार करत राहिला. तिच्या रागाला घाबरून नव्हे. खरंच विचार करत होता, प्रश्नाचं उत्तर शोधत होता. "थोडंसं तेही असेल," तो म्हणाला. "पण सांगितलं असतं तर तू तारीख बदलली असतीस."

"बदललीच असती! मग?"

"मग सगळं बरोबर झालं असतं. पानं असती, उजेड असता, तुझं वेळापत्रक असतं. मी फोटो काढले असते, तू गाडीत बसली असतीस." त्यानं ट्रायपॉडचे पाय उघडून ओल्या मातीत रोवले. "मला एकदा तुझ्याबरोबर अशा ठिकाणी यायचं होतं जिथं तुला काही माहीत नाही."

शुभदानं बूट दगडावर घासून चिकटलेली पानं काढली. बोलण्यासारखं खूप होतं, पण ते सगळं पानांबद्दलचं होतं. "आणि तुझे अ‍ॅस्पन?" ती शेवटी म्हणाली. "तुला पिवळे हवे होते ना?"

"ते काय, पुढच्या सप्टेंबरात येतीलच. इकडं ये." त्यानं तिला खांद्याला धरून झाडांकडे वळवलं. असं खांद्याला धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "इथं मुळात दोनच झाडं आहेत. एकाची हद्द कुठे संपते आणि दुसरं कुठे सुरू होतं, बघ."

"कशी बघू? पानंच नाहीत."

"म्हणूनच. खोडांकडे बघ."

तिला सगळी खोडं सारखीच दिसत होती. सरळ, पांढरी, कंटाळवाणी. ती उभी राहिली. पायाला गार लागत होतं, नाक गळत होतं, आणि कुणालाही कळवायचं नव्हतं, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. अशी शेवटची कधी उभी राहिली होती ती? डाव्या बाजूला एक खोड जरा हिरवट वाटलं. शेवाळ असेल. मग त्याच्या शेजारचंही हिरवट. त्या पलीकडचंही. उजवीकडची मात्र खडूसारखी, कोरडी पांढरी. आणि एकदम तिला ती दिसली, वरपासून खालपर्यंत अख्ख्या उतारावरून उतरत आलेली सीमा. इकडचं एक झाड, तिकडचं दुसरं, काही ठिकाणी एकमेकांत शिरलेली, तरी वेगळी. "अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. रविकांत हसला. तेच ते हसणं. मग तो कॅमेऱ्यावर वाकला आणि कामाला लागला. पानं नव्हती तरी तो वाट बघत होताच, कशाची ते तिला कळेना, आणि तिनं विचारलंही नाही. ती गाडीत गेली नाही. कॅमेऱ्याचा आवाज झाला की तिला उगाचच बरं वाटायचं.

असा किती वेळ गेला कोण जाणे. कॅमेऱ्यातून डोळा न काढता तो म्हणाला, "बाबा गेले ना, तेव्हाही मला आधी माहीत होतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं समजतोय.

"उन्मेषनं मलाच केला होता पहिला फोन. मी खाली होतो. बोललो त्याच्याशी. मग त्याला म्हटलं, आता जरा वेळानं शुभदाला कर. मला आधी कळलंय हे तिला सांगू नकोस." तो सरळ झाला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "तुला कळलं असतं की ते लगेच काम झालं असतं. तिकीट, टॅक्सी. ते लागणारच होतं, त्याबद्दल नाही म्हणत मी. पण थोडा वेळ मला बाबा नुसते गेलेले हवे होते."

त्या पांढऱ्या खोडांमध्ये शुभदा उभी होती आणि तिला आपल्या घराचा बेसमेंट दिसत होता. वर ती कीबोर्ड बडवतेय, बॅग भरतेय, कर्तबगारीच्या तोऱ्यात इकडून तिकडे फिरतेय, आणि तिच्या पायाखाली, बारा-तेरा पायऱ्या उतरून गेलं की, हा बसलाय. वर आल्यावर त्यानं तिला बातमी सांगू दिली. पहिल्यांदाच ऐकतोय असा उभा राहिला. "काय करत होतास तिथं?" तिनं विचारलं.

"ड्रायर थांबला होता. केयाच्या पोहण्याचे टॉवेल होते आत. ते काढले आणि घड्या घालत बसलो."

टॉवेल तिला आठवले. निळे होते. त्या दुपारी ते वर आलेले होते, आणि घड्या नेहमीसारख्या नव्हत्या, कशातरीच, वेड्यावाकड्या होत्या. विमानतळावरून परतल्यावर, सगळं व्यवस्थित पार पडलं म्हणून हुश्श करून, तिनं त्या सगळ्या घड्या मोडल्या होत्या आणि नीट करून ठेवल्या होत्या.

हे ती त्याला सांगू शकली नाही. तिचा राग कधीच गेला होता, आणि त्या जागी जे आलं होतं ते असं होतं की ते निस्तरायला कुठेही फोन करता आला नसता. "मला खाली बोलवायचं होतंस रे," ती म्हणाली. "बोलवायचं होतंस मला. मी काही केलं नसतं. नुसती बसले असते."

रविकांतनं तिच्याकडे पाहिलं. ती बसली असती की नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"आता बोलावलंय ना," तो म्हणाला.

शुभदाचा सासऱ्यांवर फार जीव होता. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा 'हिला बोलू द्या, घरात जरा आवाज येतो' असं म्हणणारे ते एकटेच होते. ते गेले तेव्हा तिला रडायला सवडच झाली नव्हती. ओल्या काळ्या पानांत ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी मोठ्यानं रडायला लागली, आणि रविकांत कॅमेरा तसाच सोडून तिच्या शेजारी येऊन बसला.